वाड्याच्या गोष्टी लिहून ठेवायच्या आहेत, कोणी केलंय का असं काही?

सुरंगी
नमस्कार मंडळी. मी पणजीत मळा नावाच्या भागात राहते. आमच्या वाड्यावर (म्हणजे वस्तीत) ऐंशीच्या पुढची माणसं आता मोजकीच उरलीत आणि जुनी घरं एकेक करून विकली जातायत. त्यांच्याकडच्या गोष्टी गोळा करून एक छोटी पुस्तिका काढावी, जमलंच तर खुणेच्या जागांवर पाट्या लावाव्यात, असं आम्ही चार-पाच जणांनी ठरवलंय.

पहिल्याच बैठकीत वाजलं. एका गटाचं म्हणणं, मारुतीचं देऊळ, फोंत फिनिक्सचा झरा, पलीकडचं सां सेबास्तियांवचं कपेल (छोटं चर्च), अशा 'महत्त्वाच्या' जागा घ्या. मला वाटतं त्यांच्यावर कोणीतरी लिहिलेलं आहेच. पिठाची गिरण, पदेराची (पाववाल्याची) भट्टी, न्हाव्याचं दुकान, ज्या पायरीवर बसून अर्धा वाडा पेपर वाचायचा ती पायरी, यांच्यावर कोण लिहिणार? शेजारच्या फोंतेन्यसची रंगीत घरं सगळं जग फोटोत घेऊन जातं. मळा मात्र पाऊस पडून पाणी तुंबलं की तेवढ्यापुरता पेपरात येतो.

तर प्रश्न असे: कोणी असं काम केलंय का? म्हाताऱ्या माणसांना काय विचारायचं? आणि एकाच गोष्टीचे तिघांनी तीन प्रकार सांगितले तर छापायचा कोणता?

मानकुराद
पहिला! पुस्तिका निघाली की माझी एक प्रत बाजूला ठेवा. सविस्तर नंतर लिहितो. (म्हणजे लिहिणार नाही, सगळ्यांना माहीत आहे.)

निवृत्त_मास्तर
सुरंगीताई, उपक्रम उत्तम. शाळेत असताना मुलांकडून असलं काम करून घेतलं आहे, त्यावरून सांगतो. 'जुन्या आठवणी सांगा' असं म्हातारीला कधी विचारू नका. 'आमच्या वेळचं काय सांगू बाये, सगळं चांगलं होतं' म्हणेल आणि तुमच्यासमोर लाडवाची बशी ठेवेल. मुलाखत संपली.

पाण्यापासून सुरुवात करा. 'तुमी उदक खंयच्यान हाडटालीं?' (पाणी कुठून आणायचात?) एवढं विचारा आणि गप्प बसा. मळ्यावरची बाई असेल तर फोंत फिनिक्स निघेल, आल्तिनो टेकडीच्या दुसऱ्या अंगाची असेल तर बोक द व्हाकचा झरा निघेल. मग कळशी कोण उचलायचं, झऱ्यावर कोणाची पाळी आधी, कोणाला थांबावं लागायचं, भांडण कोणाशी, हे आपोआप येतं. त्यात जात येते, ऐपत येते, सासू येते. इतिहासाच्या पुस्तकातलं निम्मं त्या कळशीत असतं.

दुसरा प्रश्न दुकानाचा. भारताने आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा गोव्यात बटाटे हॉलंडहून यायचे, हे आज पोरांना थट्टा वाटते. पण ज्यांनी ते सोलले ती माणसं अजून आहेत. कोणत्या दुकानातून आणले, उधारी चालायची का, एस्कुद (पोर्तुगीज चलन) आल्यावर जुन्या रुपयांचा हिशेब घरात कसा लावला, हे विचारा. तारखा विचारू नका. तारखा पुराभिलेख खात्यात मिळतात.

भाटकार_बेकार
मास्तरांशी निम्मा सहमत. माणसं प्रेमाने सांगतात, पण प्रेमाने सांगितलेलं खरं असतंच असं नाही.

उदाहरण तुमच्या शेजारचंच घ्या. फोंतेन्यसमधला ३१ जानेवारी रस्ता. हे नाव कसलं म्हणून विचारलं की हमखास उत्तर येतं, 'पोर्तुगालला स्पेनपासून स्वातंत्र्य मिळालं तो दिवस.' आता पर्यटकांना फिरवणारेही तेच सांगतात. अहो, स्पेनविरुद्धचा उठाव १ डिसेंबर १६४० चा. ३१ जानेवारीला, १८९१ साली, पोर्तु शहरात प्रजासत्ताकवाद्यांनी बंड केलं होतं. खुद्द पोर्तुमध्येही याच तारखेचा रस्ता आहे. राजाविरुद्ध फसलेल्या बंडाची आठवण आपण स्वातंत्र्यदिन म्हणून सांगत बसलोय.

तुमच्या पुस्तिकेत असलं काही एकदा छापून आलं की पुढची पन्नास वर्षं तोच पुरावा. म्हणून म्हणतो, आधी कागद, मग आजी.

पाट्टोपूल
भाटकारांना दुजोरा द्यायला एक नमुना देतो. ५ जुलै १९८६ ला मांडवीचा पूल कोसळला. त्या वयाच्या कोणालाही विचारा, 'मी पाचच मिनिटं आधी पूल ओलांडला होता.' एकट्या आमच्या घरात माझ्या काकांनी ओलांडलाय, सासऱ्यांनी ओलांडलाय आणि त्या दिवशी मुंबईत असलेल्या आतेभावानेही ओलांडलाय. सगळ्यांचं खरं मानलं तर पूल पडायला दुसरं कारण शोधायचीच गरज नाही.

मानकुराद
😂 माझे बाबा पण. स्कूटरवरून.

निवृत्त_मास्तर
पाट्टोपूल, हसलो खरा, पण तुमच्याच उदाहरणात मला उलटं दिसतं. 'पाच मिनिटं आधी' हे खोटं असेल, पण गावभर माणसं तेच एक खोटं का सांगतात? कारण तो धक्का प्रत्येकाच्या अंगावर आला होता. आणि त्याच माणसाला पुढचं विचारा: नंतर कामावर कसे जायचात? मग बेतीच्या फेरी बोटीची रांग, पहाटे निघणं, पावसात भिजलेले डबे, रांगेत जमलेली लग्नं, असं निघेल. दुसरा पूल वाहतुकीला खुला व्हायला १९९२ उजाडलं. तेवढी वर्षं एका शहराने रोज नदी कशी ओलांडली याची नोंद तुम्हाला सरकारी कागदात आकड्यांत मिळेल. रांगेत काय चालायचं ते मिळणार नाही.

भाटकार_बेकार
मास्तर, रांगेचं मान्य. ३१ जानेवारीचं मात्र सोडणार नाही.

सांगेकर
मी सांग्याचा. तुमच्याकडे खुणा निदान उभ्या आहेत. आमच्याकडे कुर्डी गावच साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. मोगूबाई कुर्डीकरांचं गाव म्हणून बाहेरच्यांना नाव माहीत असतं, पण ते गाव म्हणजे आमची शेतं, माड, काजू, आणि हिंदू-ख्रिस्ती-मुसलमान शेजार. लोकांना वालकिणी, वाडें इथे जमिनी देऊन बसवलं.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाव वर येतं. चौथरे, विहिरींची तोंडं, वठलेल्या खोडांचे बुंधे. मे महिन्यात सोमेश्वराच्या देवळाकडे माणसं जमतात, कपेलाचं फेस्तही होतं. महादेवाचं कदंबकालीन देऊळ तेवढं धरण होण्याआधी दगड न् दगड उतरवून वर हलवलं, तेव्हा ते वाचलं. पण देऊळ नव्या जागी गेलं, देवळाकडे जाणारी वाट गेली नाही ना.

माझा मुद्दा असा. मे महिन्यात त्या चिखलात वडिलांच्या पिढीतली माणसं चालताना बघा. भिंत नाही, छप्पर नाही, तरी ती वळणावर वळतात. 'इथे कुंपण होतं, इकडून जायचं नाही.' नसलेल्या कुंपणाला वळसा घालून जातात! त्यांच्या मागून जाणाऱ्या पोरांना उघड्या माळावर का फिरवतायत ते कळत नाही. आम्ही दोन उन्हाळे हेच केलं. एकेका म्हाताऱ्याबरोबर चालायचं, तो जिथे थांबेल तिथे फोनवर जागेची खूण करायची आणि तो जे बोलेल ते टिपायचं. घरी बसवून विचारलं असतं तर दहा मिनिटांत संपलं असतं. चालताना दोन-दोन तास बोलतात.

तेव्हा सुरंगीताई, खुर्चीवर बसवू नका. चालवा.

परदेशी_पणजीकर
सांगेकर, फार छान लिहिलंत. मी मस्कतला असतो. पणजीला आलो की मीही असाच नसलेल्या गोष्टींना वळसा घालतो. सिने नॅशनल थिएटरकडे पाय वळतात. जुन्या गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) इमारतीकडे बघून मला अजून बाह्यरुग्ण विभागाची रांग आठवते आणि माझ्या मुलीला तिथे फक्त इफ्फी हा चित्रपट महोत्सव दिसतो. पुस्तिकेला पैसे लागले तर सांगा. चालायला येऊ शकत नाही, तेवढं तरी करतो.

कातर_रे_भाजी
भाटकारांना एक प्रश्न. आधी कागद मग आजी म्हणता, तर आबे फारियाचं, संमोहनविद्येवाल्या आपल्या गोंयकार पाद्रीचं, काय करणार? लिस्बनला राणीपुढे प्रवचन करताना पोराची बोबडी वळली आणि बापाने खालून 'ही सगळी भाजी, कातर रे भाजी' असं कोंकणीत हळूच सांगितलं, ही गोष्ट गोव्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. बापलेकांचं ते बोलणं कुठल्या दप्तरात सापडणार? पण ती काढून टाकली तर जुन्या सचिवालयाशेजारचा त्याचा पुतळा म्हणजे एका बाईवर हात उगारलेला झगेवाला माणूस एवढंच उरेल. बसमधून पहिल्यांदा बघणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो खून वाटतो.

भाटकार_बेकार
तुमचं सदस्यनाम बघता तुमची बाजू आधीच कळली होती. गोष्ट जरूर सांगा, फक्त 'असं सांगतात' एवढं लावा. दोन शब्दांना काय पैसे पडतात?

शिरगांवची_सून
बराच वेळ वाचतेय. सगळे प्रतिसाद छान आहेत, पण एक विचारू? यादी कोण करतंय? बैठकीला बाया किती होत्या?

मी लग्न होऊन गावात आले तेव्हा सासऱ्यांनी गाव दाखवला: देऊळ, पंचायत, शाळा, ताविर्ना, म्हणजे दारूचं दुकान ('इकडे यायचं नाही'). सासूने दाखवलेला गाव वेगळाच होता. कुठल्या विहिरीवर कोण बोलतं, कुठल्या आंगणातून आडवाट जाते, कुठे देवचार (राखणदार भूत) आहे म्हणून तिन्हीसांजेला थांबायचं नाही, आणि धालांचा, म्हणजे बायांच्या गाण्या-नाचाचा, मांड. पौषात रात्री बाया त्या मांडावर जमायच्या. दिवसा तुम्ही तिथून गेलात तर सारवलेली जमीन आणि एक तुळस, बाकी काही दिसणार नाही. पाटी लावण्यासारखं काहीच नाही. म्हणून तो कोणाच्याच यादीत येत नाही, आणि नंतर तिथे गाड्या लागायला लागतात.

दुसरं, कोणाच्या घरात बसून विचारता त्यावर उत्तर ठरतं. भाटकाराच्या (जमीनदाराच्या) बालकांवात, म्हणजे व्हरांड्यात, बसलात तर 'आमची माणसं, घरच्यासारखी होती.' तेच मुंडकाराच्या (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याच्या) ओट्यावर बसून विचारा. १९७५ चा मुंडकार कायदा आला तेव्हा काय काय झालं, कोणाचं कोणाशी बोलणं बंद झालं, ते तिथे कळेल. एकाच माडाच्या दोन गोष्टी. दोन्ही छापा.

भाटकार_बेकार
नाव माझं, पण माड एकही नाही हो, म्हणूनच बेकार. बाकी प्रतिसाद पटला. 'दोन्ही छापा' यावर मात्र सुरंगीताईंना शेजाऱ्यांच्यात राहायचंय हे ध्यानात असू द्या.

खाजनकाठ
आमच्याकडे सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे मानस. शहरातल्यांसाठी सांगतो: खाजन म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतीच्या बांधाला असलेलं लाकडी दार. भरतीला आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं, खारं पाणी शेतात शिरू देत नाही. ते दार, बांध, आणि बांध फुटला की रात्री कोणी हाक मारायची हे सगळं ठरलेलं होतं. कोमुनिदादीच्या (जुन्या गावसंस्थेच्या) वह्यांत खर्च सापडेल, हाक सापडणार नाही. आता दार लोखंडाचं झालंय, बांधावर संध्याकाळी लोक फोटो काढतात आणि खाली शेत पडीक आहे. मळा पण सखलच ना? तुमचं पाणी कुठून शिरतं आणि कुठून निघायचं ते जुन्या माणसांना नक्की विचारा. ही नुसती आठवण नाही, महानगरपालिकेला लागणारी माहिती आहे.

जुने_गोंय
विषय निघालाच आहे तर जनमत कौलाच्या वेळी कुठल्या भिंतीवर फूल (महाराष्ट्रात विलीन व्हायची खूण) होतं आणि कुठल्या भिंतीवर दोन पानं (वेगळं राहायची), त्याचा नकाशा करा. १६ जानेवारी १९६७. मळ्यावर फूलच असणार.

दोन_पानां
आणि जिंकलं कोण? 😉

जुने_गोंय
जिंकलं कोण ते माहीत आहे. पण मराठी शाळा कोणी काढल्या तेही माहीत आहे.

दोन_पानां
शाळांचा आणि विलिनीकरणाचा काय संबंध? आमच्या घरात मराठी शाळा, मराठी पेपर, मराठी नाटक, आणि मत दोन पानांना.

पाट्टोपूल
झालं. धाग्याचा बांध फुटला. खाजनकाठ, हाक मारा.

संपादक मंडळ
जनमत कौलावर स्वतंत्र धागे आहेत, अलीकडचाच सातशे प्रतिसादांवर बंद केला. इथे मूळ विषयावर बोलावं. यापुढचे या विषयावरचे प्रतिसाद उडवले जातील.

निवृत्त_मास्तर
संपादकांचा मान राखून एकच वाक्य: दोन_पानां यांनी शेवटी जे घर सांगितलं ना, तेच पुस्तिकेत हवं.

यंत्रतंत्र
थोडं कोरडं पण कामाचं लिहितो.

ध्वनिमुद्रणाला फोन पुरतो, फक्त विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन रंगात येतो बँकेचा कॉल. पंखा बंद करायला सांगा. फोन थेट टेबलावर न ठेवता खाली दुमडलेला टॉवेल ठेवा. सुरुवातीला तुम्हीच तारीख, जागा आणि समोर कोण आहे ते बोला. फाईलला 'नवीन रेकॉर्डिंग ७' हे नाव तसंच ठेवलं तर दोन वर्षांनी तुम्हालाही कळणार नाही कोण बोलतंय.

परवानगी घ्या, आणि ती एकदाच नको. बोलण्याआधी घ्या, आणि लिहून झाल्यावर वाचून दाखवून पुन्हा घ्या. माणूस रंगात येऊन भावकीतला खटला सांगून जातो आणि रात्री त्याला झोप लागत नाही. 'हे एवढं आत्ता छापू नका' म्हणण्याचा हक्क त्याचा.

जुने फोटो उचलून नेऊ नका, तिथेच फोनवर घ्या. मागची बाजू पण. स्टुडिओचा शिक्का, शाईतलं नाव, सगळं मागे असतं.

भाषा: ज्या भाषेत बोलतील त्याच भाषेत उतरवा. आजी कोंकणीत बोलली तर कोंकणीतच राहू द्या, खाली मराठीत सार द्या. मधेच पोर्तुगीज शब्द आले तर 'सुधारू' नका.

आणि प्रती तीन ठिकाणी ठेवा. आमच्या भागात एका संस्थेने अशाच कॅसेटी जमवल्या होत्या, कपाटात ठेवल्या, छप्पर गळलं. एक प्रत मध्यवर्ती ग्रंथालयात द्या. पाट्ट्यावरचं कृष्णदास शामा ग्रंथालय. संस्था १८३२ पासूनची आहे, तुमच्या आमच्या हार्ड डिस्कपेक्षा जास्त टिकेल.

फोंतेन्यसचा_शेजारी
पाट्यांबद्दल सावध करतो. आमच्याकडे दारात फोटो काढू नका, आवाज करू नका अशा पाट्या लावायची वेळ आली आहे. सकाळी दार उघडावं तर उंबऱ्यावर कोणीतरी लग्नाआधीचे फोटो काढत बसलेलं. माझी आई खिडकीत उभी राहायची सवय सोडून आत बसते. तुम्ही कौतुकाने घरावर 'इथे अमुक झालं' लिहाल, उद्या ते नकाशावर येईल, परवा गाडी भरून माणसं. गिरण आणि न्हावी लिहा, पण पुस्तिकेतच लिहा. भिंतीवर नको.

परदेशी_पणजीकर
पण मग बाहेरून आलेल्या पणजीकराच्या मुलीला कळणार कसं?

फोंतेन्यसचा_शेजारी
तिने बेल वाजवावी. आई चहा करील आणि सगळं सांगेल. सेल्फी स्टिक मात्र बाहेर.

सुरंगी
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं येईल वाटलं नव्हतं. वाचता वाचता एक मुलाखत करूनही आले.

शिरगांवच्या ताई, बैठकीला बाई मी एकटीच होते. पुढची बैठक देवळाच्या सभागृहात न घेता एका काकूंच्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या पडवीत ठेवली आहे, बघू कोण येतं.

सांगेकरांचं ऐकून आमच्या गल्लीतल्या आजोबांना चालवलं. (गुडघे दुखतात, पण ऐकले नाहीत.) पदेराची भट्टी मला वाटायची त्याच्या एक घर अलीकडे होती. मास्तरांचा पाण्याचा प्रश्न विचारला, तर झऱ्याऐवजी तुंबणाऱ्या पाण्यावरच गाडी गेली. त्यांच्या दाराच्या चौकटीवर आतल्या बाजूने खिळ्याने ओढलेल्या रेघा आहेत, मोठ्या पावसात पाणी कुठवर चढलं त्याच्या. काहींपुढे कोळशाने वर्ष लिहिलंय. मी म्हटलं, रंग काढताना पुसलं नाहीत? म्हणाले, रंगाऱ्याला दर वेळी सांगतो, हा तुकडा सोड. शेजारणीने ऐकलं आणि म्हणाली, 'आमच्याही आहेत की, कपाटामागे.' म्हणजे खाजनकाठ म्हणतात तसं, घराघरांतून या रेघा मोजल्या तर वाड्याचा पाण्याचा नकाशाच होईल.

तेव्हा पुस्तिकेचं पहिलं प्रकरण देऊळही नाही, गिरणही नाही. पाणी. झरा, तळं, खाडी, रेघा. पहिल्या गटालाही चालतंय, कारण फोंत फिनिक्स त्यात येतोच. दोन माणसांनी दोन गोष्टी सांगितल्या तर दोन्ही छापणार, शेजारी शेजारी, सांगणाऱ्यांची हरकत नसेल तर नावानिशी. भाटकारांचं 'असं सांगतात' लागेल तिथे लावणार. पाट्या तूर्त रद्द.

एक अडलंय: रेघांची उंची आतल्या जमिनीपासून मोजायची की रस्त्यापासून? रस्ता दर डांबरीकरणाला वर येतोय, काही घरांत आता दोन पायऱ्या खाली उतरावं लागतं.

खाजनकाठ
रस्त्यापासून अजिबात नको. जुन्या उंबऱ्यापासून मोजा, आणि उंबरा आजच्या रस्त्याच्या किती खाली आहे ते वेगळं लिहा. रस्ता किती चढला तोही इतिहासच. एखादा सर्वेक्षणवाला ओळखीचा असेल तर सगळे उंबरे एकाच पातळीला बांधून घ्या, नाहीतर घराघरांची तुलना होणार नाही.

यंत्रतंत्र
खाजनकाठ +१. रेघेशेजारी टेप धरूनच फोटो घ्या.

भाटकार_बेकार
कोळशाने लिहिलेलं वर्ष हा मी कागद मानतो. पाणी मोजायला मी येतो, टेप माझी. ३१ जानेवारी रस्त्यावर दोन ओळी मात्र आत घाला, नाहीतर चौकटीवर मीच खिळ्याने लिहीन.

मानकुराद
सविस्तर लिहितो म्हणालो होतो ना: माझ्या आजीच्या घरी पण रेघा आहेत, मळ्यावरच. आम्हाला वाटायचं पोरांची उंची मोजलीय. रविवारी या, दार उघडं ठेवतो.